कोकणची पुळण : वाळूचा जमाखर्च

महाराष्ट्राला सुमारे ७२० किलोमीटर लांबीचा समुद्रकिनारा असला, तरी त्याचा वाळूचा भाग सलग नाही. समुद्रात घुसलेली खडकाळ टोके, म्हणजे भूशिरे, आणि त्यांच्यामध्ये अडकलेल्या लहान-मोठ्या पुळणी अशी त्याची तुटक रचना आहे. सह्याद्रीचा कडा समुद्राजवळ असल्याने कोकणातील नद्या आखूड आहेत; शिवाय दख्खनचा बेसाल्ट झिजला की त्याची मुख्यतः माती होते, कारण टिकाऊ वाळूचे कण देणारे क्वार्ट्झ हे खनिज त्यात जवळजवळ नसते. मालवण-वेंगुर्ल्याकडे क्वार्ट्झाइट आणि ग्रॅनाइटी नीस हे प्राचीन खडक उघडे पडलेले असल्यामुळे तेथील पुळणी उजळ दिसतात. वाळूचे हे अल्प भांडवल लक्षात घेतल्याखेरीज या किनाऱ्याचे वागणे उलगडत नाही.

नद्या जो थोडाफार गाळ आणतात, त्यातलाही बराचसा खाड्यांतच अडतो. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, जगभरातील समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळजवळ १२० मीटर खाली होती; पुढे बर्फ वितळून पाणी चढले आणि नद्यांच्या मुखाकडील दऱ्या त्यात बुडाल्या. बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग येथील खाड्या अशाच बुडालेल्या दऱ्या होत. मुंबईत १८७०च्या दशकात प्रिन्सेस डॉक खोदताना चिखलाखाली खैराच्या झाडांचे बुंधे मिळाले, त्यांपैकी कित्येक मुळांवर उभे होते. जमीन खचली की पाणी चढले हा वाद बाजूला ठेवला, तरी किनारा एकेकाळी निराळा होता याचा इतका ढळढळीत पुरावा क्वचितच हाती लागतो.

भूशिरांवर मात्र समुद्राचे काम झीज करण्याचे असते. उथळ पाण्यात शिरताना लाटा वळतात, या क्रियेला वक्रीभवन म्हणतात, आणि त्यांची शक्ती भूशिराच्या टोकावर एकवटते. हरिहरेश्वराच्या प्रदक्षिणामार्गावर ओहोटीच्या वेळी जो सपाट कातळ पायाखाली येतो, तो मागे हटत गेलेल्या कड्याचा उरलेला तळ, म्हणजेच तरंगघर्षित मंच होय. कड्यावरील जाळीदार खळगी थेट लाटांच्या माराने पडलेली नसून, तुषारांतील मिठाचे स्फटिक दगडाच्या छिद्रांत वाढून कण सुटे करतात, त्यामुळे झालेली आहेत.

पुळणीचे चक्र वर्षाचे असते. पावसाळ्यातील उंच, आखूड अंतराने येणाऱ्या लाटा वाळू ओढून पाण्याखालच्या वाळूच्या बांधांवर नेऊन टाकतात आणि हिवाळ्यातील सौम्य लाटा ती हळूहळू परत आणतात. म्हणून जुलैत उघडा पडलेला कातळ मार्चमध्ये पुन्हा झाकलेला आढळतो. वादळ अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाशी गाठ पडून आले तर धूप फार होते, तेच अष्टमीच्या सुमाराच्या भांगाला आले तर निभावते. याशिवाय लाटा किनाऱ्याला तिरक्या येत असल्यामुळे वाळू किनाऱ्याच्या कडेकडेनेही सरकत असते. या तटानुवर्ती वाहतुकीचे ठळक उदाहरण देवबाग येथे आहे. तारकर्लीपासून दक्षिणेकडे वाढत गेलेल्या वाळूच्या दांड्याने कर्ली नदीची वाट अडवली, त्यामुळे नदी काही अंतर किनाऱ्याला समांतर वाहून भोगव्यासमोर समुद्राला मिळते. दांड्यावर एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस खाडी आणि मध्ये माडांच्या बागा व घरे आहेत. मुखाजवळच्या वाळूच्या बेटाला पर्यटकांत त्सुनामीचे नाव पडले असले, तरी नदीमुखाशी असे उंचवटे ओहोटीच्या व लाटांच्या ओढाताणीतून सतत घडतात आणि मोडतात, त्यासाठी त्सुनामीच यावी लागत नाही.

धूप वाढली की मोठे दगड रचून बंधारा घालण्याची मागणी होते व ती समजण्यासारखी आहे. परंतु उताराच्या पुळणीवर चढताना लाटेची शक्ती जशी जिरते तशी ती बंधाऱ्यावर जिरत नाही. बरीचशी परत फिरते आणि पायथ्याची वाळू उपसते, तर बंधाऱ्यामागे बंदिस्त झालेली वाळू वादळात समुद्राच्या उपयोगी पडत नाही. बंधारा जेथे संपतो तेथे पुढच्या पट्ट्याची धूप वाढते आणि मग तोही बांधावा लागतो. किनाऱ्यालगत लावलेल्या सुरूच्या बनाने वाऱ्यावर उडणारी वाळू अडते, मात्र पायथा खचला की उथळ मुळांची ती झाडे आडवी होतात. गुहागरसारख्या रुंद पुळणीमागे किनाऱ्याला मागे सरकण्यापुरती जागा निदान काही ठिकाणी सोडता येते; देवबागच्या अरुंद दांड्यावर घरे मागे न्यायची म्हटली, तर मागे खाडी आहे.