घातांकांतील ऋण



बीजगणित शिकणाऱ्या मुलामुलींस घातांकांचें प्रकरण आरंभीं सोपें वाटतें. क्षचा वर्ग म्हणजे क्ष गुणिले क्ष, घन म्हणजे तोच गुणक तीन वेळां. येथपर्यंत कोणाचें अडत नाहीं. मग एके दिवशीं फळ्यावर क्षचा ऋण दोन घात येतो, पाठोपाठ एकद्वितीयांश घात येतो, आणि हुशार मूल घरीं येऊन विचारतें, "एखादी संख्या अर्धा वेळ गुणायची म्हणजे काय?" प्रश्न रास्त आहे. त्याला "नियम पाठ कर" एवढेंच उत्तर बहुधा मिळतें. तें उत्तर बाजूला ठेवून आपण यवतमाळ जिल्ह्यांतील एका जुन्या व्यवहाराकडे वळूं.

वऱ्हाडच्या या भागांत मागील पिढ्यांतला कास्तकार मृगाच्या तोंडावर सावकाराकडून ज्वारी उचली आणि पीक घरीं आल्यावर ती सवाईनें किंवा दिढीनें फेडी. सवाई म्हणजे शंभर पायल्यांच्या सव्वाशें. दिढी म्हणजे दीडशें. हिशेबापुरती मुदत आपण सहा महिन्यांची धरूं. आतां यांतील मर्म असें कीं, सवाई हा बेरजेचा व्यवहार नसून गुणाकाराचा आहे. घेतलेल्या धान्यास पांचचतुर्थांशानें गुणावयाचें. फेड चुकली आणि सगळी बाकी पुन्हां सवाईवर चढली, तर आलेल्या संख्येस पुन्हां त्यानेंच गुणावयाचें. शंभराचे प्रथम १२५ होतात, मग १५६ व वर पाव, मग १९५ हून थोडे अधिक. किती मुदती गेल्या, तोच घातांक.

दोन मुदतींच्या गुणकाला तीन मुदतींच्या गुणकानें गुणलें, तर पांच मुदतींचा गुणक मिळतो. पाया एकच असतां गुणाकारांत घातांकांची बेरीज होते ती एवढ्याचसाठीं. हा एक नियम मोडूं द्यावयाचा नाहीं असें ठरविलें, कीं पुढचें सर्व आपोआप ठरतें. ज्या क्षणीं ज्वारी मोजून घेतली त्या क्षणीं मुदत शून्य आणि धान्य जेवढ्यास तेवढें. म्हणून शून्य घाताची किंमत एक. पुष्कळ विद्यार्थी तेथें शून्य लिहितात! तसें असतें, तर ज्वारी पदरांत पडतांच कर्ज फिटलें असतें.

आतां काळाच्या उलट चालूं. आज शंभर पायल्या फेडावयाच्या आहेत; तर एका मुदतीपूर्वीं किती उचलल्या होत्या? पंचवीस वजा करून पंचाहत्तर सांगणारा फसतो, कारण पंचाहत्तरांची सवाई पावणेचौऱ्याण्णवच होते. पांचचतुर्थांशानें भागलें पाहिजे, म्हणजेच चारपंचमांशानें गुणलें पाहिजे, उत्तर ऐंशी. एक मुदत मागें जाणें हाच ऋण एक घात. दोन मुदती मागें गेल्यास सोळापंचविसांश, म्हणजे चौसष्ट पायल्या. ब्रह्मगुप्तानें इ.स. ६२८ मध्यें धन आणि ऋण यांचे नियम सांगितले, तेव्हां ऋण म्हणजे कर्ज हा अर्थ त्या शब्दामागें होताच. घातांकांतील ऋण मात्र कर्ज नव्हे, ती मागें वळलेली पावलें आहेत. चौसष्ट पायल्या ही चांगली भरीव ज्वारी आहे. घातांक ऋण दिसतांच उत्तरापुढें ऋणचिन्ह लावण्याचें कारण नाहीं. आणि ज्यानें शंभर लिहून घेऊन, व्याज आगाऊ कापून, पंचाहत्तरच हातांवर ठेवल्या, त्यानें शेंकडा पंचवीस नव्हे, तेहतीसहून अधिक घेतले, हेंहि याच भागाकारांतून उघड होतें.

राहिला अर्धा घात. तीन महिन्यांनींच कोणी फेडावयास आला, तर न्याय्य वाढ किती? साडेबारा, असें जीभ चटकन म्हणते. पण साडेबारांची वाढ लागोपाठ दोनदां केली, तर सव्वाशेंऐवजीं १२६ हून अधिक भरतात. अर्ध्या मुदतीचा गुणक असा हवा कीं, त्याला त्यानेंच गुणलें असतां पांचचतुर्थांश यावे. तो म्हणजे पांचचतुर्थांशाचें वर्गमूळ, सुमारें १.११८. एकद्वितीयांश घात म्हणजे वर्गमूळ, एकतृतीयांश घात म्हणजे घनमूळ; दुसरा अर्थ लावला तर आपला नियम कोसळतो.

याचा उपयोग पाहा. एक सावकार सहामाहीस सवाई मागतो, दुसरा वर्षास दिढी. कानाला सवाई हलकी लागते. परंतु दीडचा एकद्वितीयांश घात काढला, तर सुमारें १.२२५ येतो, सवाईचा गुणक १.२५ आहे. वर्षाअखेर दिढीवाला दीडशें पायल्या मागेल, सवाईवाला एकशें सव्वाछप्पन्न. गरजवंत कास्तकारास हें वर्गमूळ कोण काढून देणार होतें? व्याज मुद्दलाहून अधिक होऊं नये, ही दामदुपटीची जुनी मर्यादा येथें आठवते. सवाईनें ती गांठण्यास चार मुदतीहि लागत नाहींत. पांचचतुर्थांशाचा सुमारें ३.१ वा घात दोन होतो.

भास्कराचार्यांच्या बीजगणितांत वर्गमूळ पूर्ण न निघणाऱ्या संख्यांना 'करणी' म्हटलें आहे आणि त्यांचे बेरीज-गुणाकारहि दिले आहेत. तीं मुळें घातांक म्हणून लिहिण्याची रीत युरोपांत रुळली. न्यूटननें १६७६ सालच्या एका पत्रांत ती समजावून सांगितली.

आतां कागद-पेन्सिल घ्यावी. कंसांत लिहा: आठ, गुणिले क्षचा ऋण तीन घात, गुणिले यचा सहा घात; आणि कंसावर ऋण दोनतृतीयांश घात. दोन-दोन मुदतींचे तीन गट म्हणजे सहा मुदती, म्हणून घाताच्या घातांत घातांकांचा गुणाकार करावयाचा. प्रथम आठ. तृतीयांशानें घनमूळ दोन, त्याचा वर्ग चार, ऋणचिन्हामुळें तो छेदांत गेला. क्षवर ऋण तीन आणि ऋण दोनतृतीयांश यांचा गुणाकार धन दोन. क्षचा वर्ग अंशांत. यवर ऋण चार. यचा चौथा घात छेदांत. म्हणून क्षचा वर्ग, भागिले चार वेळां यचा चौथा घात. पडताळ्यासाठीं क्ष व य दोन्ही एक धरावे. मूळ राशि आणि उत्तर, दोन्हींची किंमत एकचतुर्थांश यावयास हवी.