तपासणीच्या तक्त्यात नसलेला वाचक

ग्रंथालय संघाच्या अधिवेशनात अध्यक्षाने चळवळीचा आढावा घ्यायचा असतो, म्हणून घेतो. रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 चे, पुणे नगर वाचन मंदिर 1848 चे, कोल्हापूर संस्थानचा ग्रंथालय कायदा 1945 चा आणि महाराष्ट्राचा अधिनियम 1967 चा. आढावा संपला. या अध्यक्षाला बोलायची आहे ती एकच गोष्ट, आणि तिच्यासाठी तो बरीच वर्षे थांबला आहे.

आपल्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळते श्रेणीवर आणि श्रेणी ठरते आकड्यांवर. पुस्तके किती, सभासद किती, वर्तमानपत्रे किती, नियतकालिके किती. त्यावरून अ, ब, क, ड. मग वाचनालय आकडाच विकत घेते. मार्चअखेर आला की वजनावर मिळतात तशी पुस्तके दाखल नोंदवहीत चढतात. तपासणीच्या आदल्या रात्री टेम्पोतून आलेली शेजारच्या गावची पुस्तके या अध्यक्षाने स्वतः पाहिली आहेत. घाईत आतल्या पानावरचा शिक्का झाकायचा राहून गेला होता. हसू नका, निदान पुढच्या दोन रांगांनी तरी हसू नये.

सकाळच्या परिसंवादात वाद रंगला तो सभासदसंख्येचा निकष कडक करावा की सैल, यावर. दोन्ही बाजू अभ्यासू होत्या. त्यांनी एका तालुक्यातले ड वर्गाचे वाचनालय पाहायला हवे होते. दोन खोल्या, एक पंखा, आणि रात्री अकरापर्यंत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुले. बसायला जागा नाही म्हणून काही जण ओट्यावर. त्यांतला एकही सभासद नव्हता, वर्गणी भरायची कोणाची ऐपत नव्हती. तपासणी झाली, शेरा पडला: ‘सभासदसंख्या असमाधानकारक.’ मुलांसाठी तक्त्यात रकानाच नव्हता. निरीक्षक भला माणूस होता. जाताना त्यानेच ग्रंथपालाला दुसरा पंखा बसवायला सांगितले. कशातून बसवणार? 2022 मध्ये अनुदानात साठ टक्के वाढ झाली, तिचे स्वागतच आहे. पण त्या वाढीनंतर ड वर्गाला वर्षाचे 48 हजार झाले, म्हणजे महिन्याला चार हजार. त्यातच पगार, पुस्तके, वीज आणि भाडे.

निकष कडक की सैल, या वादाचा निकाल या अध्यक्षापुरता त्या ओट्यावर लागला.

आता देखरेखीबद्दल. कायद्याने राज्य ग्रंथालय परिषद दिली, अध्यक्षपद मंत्र्यांकडे दिले आणि काम दिले सल्ल्याचे. सल्ला देणारा आणि घेणारा एकाच खुर्चीत बसला, तर बैठकीला फार वेळ लागत नाही. खरी देखरेख पैसे भरणारा ठेवतो. मद्रासने ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या प्रयत्नांतून 1948 मध्ये कायदा केला तेव्हा मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय उपकर लावला. केरळने 1989 मध्ये तेच केले. आपल्या कायद्यात उपकर नाही, सगळी भिस्त अर्थसंकल्पावर. म्हणून हप्ता लांबला की आपण मुंबईकडे पाहतो. गावातल्या माणसाने घरपट्टीबरोबर चार पैसे वाचनालयासाठी भरले असते, तर कुलूप दिसताच जाब विचारायला तोच आधी आला असता. याउलट वाचनालयांची 2012 ची राज्यभरची पडताळणी आठवा. महसूल खात्याची माणसे आली, पुस्तके मोजली, फलक आणि कुलपे पाहिली. बोगस वाचनालये उघडी पडली हे बरे झाले. पण त्यानंतर नवी मान्यता आणि दर्जावाढ वर्षानुवर्षे थांबली आणि प्रामाणिक ड वर्ग ड मध्येच अडकला. चोरी एकाची, शिक्षा सगळ्या आळीला!

उपकर लावला तर सरकार हात झटकेल, अशी भीती काही ज्येष्ठ सहकाऱ्यांना वाटते. या अध्यक्षाला ती पटत नाही. आपण मागणीच इतक्या हळू आवाजात करतो, की झटकायला हात उचलण्याचीही गरज पडत नाही.

तेव्हा तपासणीच्या तक्त्यात रोज बसून वाचणाऱ्यांचा रकाना हवा आणि उपकराचा एक मसुदा हवा. मसुद्यासाठी छोटी समिती करू. किती जणांची, ते कार्यवाह ठरवतील. कायद्याची कलमे समजणारे कोणी सभागृहात असेल, तर त्यांनी जेवणाआधी नाव द्यावे. जेवणानंतर निम्मे सभागृह एसटी गाठायला निघालेले असते.