भीड आणि कायदा



गांजाची लागवड केवळ आडरानातच होते असे नव्हे. गच्चीवरील कुंडीतही ती होते. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याच्या २० व्या कलमान्वये तीस १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी व १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे; ४६ व्या कलमाने जमीनधारकावर तत्काळ वर्दी देण्याचे कर्तव्य घातले आहे.

२०१८ साली आमच्या आळीत अशी रोपे आम्ही पाहिली आणि भिडेस्तव गप्प राहिलो. पुढे पोलीस आले. पंचनामा होऊन रोपे जप्त झाली. धरला गेलेला तरुण आमचाच विद्यार्थी होता. आरंभीच त्याच्या वडिलांच्या कानी घातले असते, तर तो सावरता. ‘भीड भिकेची बहीण’ हे वर्गात शिकविणारे आम्हीच त्या परीक्षेत अनुत्तीर्ण झालो. आपण तरी वेळीच बोलावे, ही विनंती.