अपस्मार नव्हे, पण झटका खरा

वर्गांत तास चालू असतां चौदा-पंधरा वर्षांची एखादी मुलगी एकाएकीं बाकावरून खालीं कोसळते. डोळे गच्च मिटलेले, मान इकडून तिकडे हलते आहे, हातपाय थरथरत आहेत. कोणी कांदा फोडून नाकाशीं धरतो, कोणी चप्पल हुंगवावयास सुचवितो. दहा मिनिटांनीं ती शुद्धीवर येते. घरचे लोक फेफरें समजून औषध सुरू करवितात. झटके थांबत नाहींत, मात्रा मात्र वाढत जाते. पुढें केव्हां तरी ऐन झटक्याच्या वेळीं मेंदूचा विद्युत्-आलेख काढला जातो, सोबत चलच्चित्रहि घेतलें जातें, आणि आलेख निर्दोष निघतो. अपस्मारांत मेंदूंत विजेचें जें वादळ उठतें, त्याचा तेथें मागमूसहि नसतो. येथूनच त्या मुलीच्या खऱ्या छळाला आरंभ होतो. कारण घरांतले, शाळेंतले, आणि सांगावयास खेद वाटतो, कधीं कधीं रुग्णालयांतलेहि लोक एकच निष्कर्ष काढतात: पोर सोंग करते आहे!

हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. झटका तिच्या इच्छेनें येत नाहीं, व नुसत्या इच्छेनें थांबतहि नाहीं. पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयांत शार्को या मज्जातंतुवैद्यानें १८८० नंतरच्या दशकांत असल्या रुग्णांचा बारकाईनें अभ्यास केला. त्या काळीं या विकाराला हिस्टेरिया म्हणत. हें नांव गर्भाशय या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडलेलें. पण तो पुरुषांनाहि होतो, हें शार्कोनेंच ठासून सांगितलें. तें नांव आतां मागें पडलें आहे, त्याला चिकटलेली कुचेष्टा मात्र शिल्लक आहे.

मग होतें तरी काय? सायकल शिकणाऱ्याची नजर रस्त्यांतल्या दगडावर खिळली, कीं चाक नेमकें दगडावरच जातें. तसेंच हें. एकदां झटका आला, कीं छातींत धडधडलें, डोकें हलकें झालें, तरी ‘आतां येणार’ ही धास्ती मनांत उभी राहते. सारें लक्ष त्या खुणेकडे लागतें, श्वास उथळ होतो, आणि शरीर पूर्वींची वाट आपोआप धरतें. परीक्षेची धास्ती, घरांतला ताण, एखादा जुना आघात यांचा हात त्यामागें पुष्कळदां असतो. परंतु प्रत्येक मुलाच्या बाबतींत असें एखादें गुपित असलेंच पाहिजे, असें नाहीं. तें हुडकण्याच्या नादांत मुलाची उलटतपासणी करणारे पालक मला शहाणे वाटत नाहींत.

वाट पडली असेल तर ती मोडतांहि येते, या विचारावर वर्तनोपचार उभा आहे. अमेरिकेंतील अलाबामा संस्थानांत बर्मिंगहॅम येथील विद्यापीठांत मुलांसाठीं अशी एक पद्धति बसविण्यांत आली आहे. प्रथम मुलाला व आईबापांना विकाराचें स्वरूप समजावून देतात. मग त्या मुलाचा झटका कसकसा चढत जातो, याचा क्रम लिहून काढतात, आणि प्रत्येक पायरीला उलट कृति ठरवितात. मुठी आवळूं लागल्या तर बोटें सैल सोडून मांडीवर पसरावीं. मान हलूं लागली तर हनुवटी स्थिर धरावी. श्वास पोटांतून, सावकाश घ्यावा. ही तालीम बरें असतांना घरीं रोज करावयाची, म्हणजे ऐन वेळीं ती हाताशीं येते.

याहून अवघड धडा आईबापांचा. झटका येतांच धावणें, कवटाळणें, रडणें, शेजाऱ्यांना हांका मारणें हें सारें मायेपोटीं होतें. पण त्यानें मुलाचें लक्ष पुन्हां झटक्याकडेच वळतें. म्हणून त्यांना सांगतात, कीं मूल सुरक्षित आहे एवढें पाहा, ‘ठरलेलें कर’ इतकेंच म्हणा, आणि शांत राहा. शाळेनेंहि दर वेळीं घरीं पाठवूं नये. झटका ओसरला कीं मुलानें पुन्हां धड्याला बसावें.

या पद्धतीची २९ मुलांवर केलेली तुलना २०२० सालीं प्रसिद्ध झाली. नुसत्या धीर देणाऱ्या उपचारापेक्षां हिचा गुण फारच स्पष्ट दिसला. संख्या लहान आहे, हें विसरूं नये. त्याच वर्षीं इंग्लंडांतून ३६८ प्रौढ रुग्णांच्या मोठ्या प्रयोगाचा निकाल आला. तेथें वर्षाअखेर महिन्यांतील झटक्यांची संख्या इतर रुग्णांच्या मानानें म्हणण्यासारखी घटली नाहीं, परंतु झटक्यांचा जाच कमी झाला व जगणें सुसह्य झालें.

दोन सूचना मात्र अवश्य. निदान मज्जातंतुतज्ज्ञाकडूनच व्हावें. डोळे मिटलेले होते एवढ्यावरून घरच्या घरीं ठरवूं नये, कारण कांहीं मुलांना दोन्ही प्रकारचे झटके येतात. चालू औषधहि आपल्या मनानें बंद करूं नये. अपस्मार असल्यास तसें करणें जिवावर बेतूं शकतें.

ही पद्धति ऐकून एखादी माउली विचारील, ‘म्हणजे मीं तिला जवळ घ्यायचेंच नाहीं का?’ घ्यावें, बाई, अवश्य घ्यावें. पण झटका नसेल तेव्हां. ती शाळेंतून घरीं आल्यावर, वेणी घालतांना, जेवावयास वाढतांना, तिच्या मैत्रिणींच्या गोष्टी ऐकतांना. आज झटका आला होता का, हा प्रश्न तेवढा त्या वेळीं विचारूं नये.