जुळ्यांची माता आणि आठवा महिना



सातव्या महिन्याचें मूल जगतें, आठव्याचें जगत नाहीं, अशी समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांनीं आठव्या महिन्यांत ओज अस्थिर असतें असें सांगितलें. ग्रीसच्या जुन्या वैद्यांचेंही आठव्या महिन्याच्या मुलाविषयीं असेंच मत होतें. इतकी जुनी असूनही ही समजूत खरी नाहीं, आणि जुळ्यांच्या मातेला तर ती घातक आहे.

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून ४० आठवडे हा गर्भवासाचा पूर्ण काळ. ३७ आठवडे भरण्यापूर्वीं झालेली प्रसूति ती अकाल प्रसूति. दोन गर्भ वाढूं लागले म्हणजे गर्भाशय लवकर ताणला जातो. म्हणून निम्म्याहून अधिक जुळीं ३७ आठवड्यांपूर्वींच जन्मतात. अशा घरानें आठव्या महिन्याची तयारी धरूनच चालावें.

पोटांत काढलेला प्रत्येक आठवडा फुप्फुसांना आणि मेंदूला बळ देतो. तेव्हां आठव्याचें मूल सातव्याहून अधिक तयार असणारच. मग समजूत टिकली कशी? सातव्याचें एखादें जगलें तर त्याची गोष्ट गांवभर होते; न जगलेल्यांची मोजदाद कोणी ठेवीत नाहीं. आठव्याचें म्हणून घरच्यांनीं हात टेकले, तर तें उपचारावांचून जातें, आणि समजूत पुन्हां खरी ठरते!

ठराविक अंतरानें येणाऱ्या कळा, कंबरेंत सतत दुखणें, ओटीपोटांत खालीं दाब, पाणी किंवा रक्त जाणें, यांपैकीं एकही चिन्ह दिसलें तर सकाळची वाट पाहूं नये. न्यूझीलंडमध्यें लिगिन्स व हॉवी यांनीं १९७२ सालीं दाखविलें कीं, मातेला वेळेवर दिलेल्या औषधानें गर्भाचीं फुप्फुसें लवकर पक्व होतात. पण त्याचा पुरा गुण येण्यास सुमारें एक दिवस लागतो. घरीं दवडलेली रात्र ती हीच.

जन्मानंतर अशा मुलांना मुख्यतः ऊब, आईचें दूध आणि स्वच्छता हवी. गडचिरोली जिल्ह्यांतील ३९ गांवीं डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं गांवांतल्याच स्त्रियांना ही शुश्रूषा शिकविली. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासांत, अशी सोय नसलेल्या गांवांच्या मानानें तेथील नवजातांचे मृत्यु ६० टक्क्यांहून अधिक घटलेले दिसले. मूल उघड्या छातीशीं धरून ऊब देण्याची रीत १९७८ सालीं कोलंबियांतील बोगोटा येथें सुरू झाली. मुलें दोन असलीं तर एक वडिलांनीं धरावें.

आपला बुलढाणा जिल्हा घाटावर आणि घाटाखालीं असा विभागलेला. सातपुड्याच्या पायथ्याशीं, संग्रामपूर किंवा जळगांव जामोदकडील खेड्यांतून रात्रीं निघणें सोपें नसतें. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून महाराष्ट्रांत आहे. तरी रस्त्याला लागणारा वेळ लागतोच. म्हणून सातव्या महिन्यांत ओटी भरतों, त्याच दिवशीं नवजात मुलांचा विशेष कक्ष असलेलें रुग्णालय आणि तेथें नेणारें वाहन ठरवून टाकावें. माहेर दूर असेल तर तेथें बाळंतपणास जाण्याची चाल यावेळीं बाजूला ठेवावी.

खामगांव-बुलढाण्यांत राहणाऱ्या आपणां सर्वांना एक विनंती. खेड्यांतल्या आपल्या भाचीला वा पुतणीला जुळें आहे असें कळलें, तर तिला दोन महिने आपल्या घरीं आणून ठेवा. घरांत थोडी अडचण होईल. कदाचित् दोन जीव वांचतील.