ओल्यावरून सुक्यावर : पावसाळा आणि मांजराचा आहार
(भाषणाचा मजकूर)



गोमंतकात मे महिना हा बेगमीचा महिना होय. सुके बांगडे, सुकी सुंगटे, गोलमो, आमसुले, मिरच्या आणि उकडे तांदूळ यांचे ‘पुरुमेंत’ भरून झाले म्हणजे गृहिणी निश्चिंत होते. या बेगमीत घरातील लहानथोर सर्वांचा विचार झालेला असतो. राहून जाते ते चुलीजवळचे मांजर. वर्षभर दारावर आलेल्या ताज्या मासळीची डोकी, शेपट्या आणि वर मूठभर भात यांवर त्याचे भागते. पुढे १ जून उजाडतो. पश्चिम किनाऱ्यावर ३१ जुलैपर्यंत म्हणजे ६१ दिवस यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. ताजी मासळी दुर्मिळ व महाग होते, आणि एके दिवशी मांजराच्या ताटलीत दुकानातील पाकिटातले कोरडे दाणे अचानक येऊन पडतात. मांजर वास घेते, पंजाने जमीन खरवडते आणि निघून जाते. घरातील कोणी वडीलधारे म्हणतात, “भूक लागली की मुकाट्याने खाईल.”

कुत्र्याच्या बाबतीत हे म्हणणे बरेचसे खरे ठरते. मांजराच्या बाबतीत ते त्याच्या जिवावर बेतू शकते.

मांजर उपाशी राहिले की त्याच्या अंगातील चरबी सुटून यकृताकडे धाव घेते. इतर प्राण्यांचे यकृत तिचा निकाल लावू शकते; मांजराच्या यकृताला ते नीट साधत नाही. चरबी तेथेच साचते, यकृताचे काम मंदावते, मांजराची उरलीसुरली भूकही जाते आणि उपासाने उपास वाढतो. दोनतीन दिवसांच्या उपासानेही हे दुष्टचक्र सुरू होऊ शकते. कानाची आतली बाजू, हिरड्या व डोळे पिवळे दिसू लागले म्हणजे दुखणे बरेच पुढे गेले असे समजावे. विशेष म्हणजे हा धोका हडकुळ्या मांजरापेक्षा गुबगुबीत मांजराला अधिक असतो. “त्याला काय होते, चांगले लठ्ठ आहे, राहील चार दिवस उपाशी,” हा तर्क म्हणूनच नेमका उलटा आहे. मांजराने पूर्ण एक दिवस तोंडाला काही लावले नाही, तर जुने अन्न पुन्हा सुरू करावे. तेही नाकारले तर पशुवैद्यांकडे न्यावे. हट्टाला हट्टाने उत्तर देऊ नये.

आता ओले आणि सुके यांतील भेद पाहू. तो मुख्यतः पाण्याचा आहे. उकडलेली मासळी व भात यांत शेकडा सत्तरच्या आसपास पाणी असते. डबाबंद ओल्या खाद्यात ते पंचाहत्तर ते ऐंशी टक्के असते, तर कोरड्या दाण्यांत जेमतेम दहा टक्के. सुमारे ४ किलो वजनाच्या मांजराला दिवसाकाठी सुमारे २०० मिलिलिटर, म्हणजे चहाच्या दीडएक कपाइतके पाणी लागते. ओल्या अन्नातून त्याचा मोठा वाटा आपोआप मिळतो. ६० ग्रॅम दाण्यांतून मिळते ते चमचाभर. बाकीचे त्याने पिऊन भरून काढावे, तर त्याची तहान मुळातच मंद! आपल्या मांजराचे पूर्वज उत्तर आफ्रिका व पश्चिम आशियातील रुक्ष प्रदेशातील रानमांजर होत. शिकारीच्या मांसातील ओलाव्यावर त्यांची गुजराण होई आणि मूत्र अतिशय घट्ट करून ते पाणी वाचवीत. हा गुण घरात आल्यावरही टिकला. बाहेर मुसळधार पाऊस कोसळत असताना घरातील मांजर आतून कोरडे पडत असेल, ही कल्पना कोणाला सहसा सुचत नाही.

याचा सर्वांत मोठा फटका बोक्याला बसतो. त्याची मूत्रनलिका अरुंद असते. घट्ट मूत्रातील खडे व गाळ तिच्यात अडकून मार्ग बंद होऊ शकतो. असा बोका वारंवार जोर लावून बसतो, ओरडतो, मागचा भाग चाटत राहतो, आणि थेंबाथेंबापलीकडे काही होत नाही. घरच्या माणसांना वाटते, पोट साफ होत नसावे. मग एरंडेल पाजले जाते, रात्र जाते, दुसरा दिवस जातो. मूत्र पूर्णपणे अडले असेल तर दोनतीन दिवसांत बोका दगावतो. येथे घरगुती उपायाला जागाच नाही. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठला पाहिजे.

तेव्हा कोरडे खाद्य त्याज्य आहे काय? तसे मुळीच नाही. ते टिकते, मोजून देता येते, आणि ‘परिपूर्ण आहार’ असा स्पष्ट उल्लेख असलेल्या पाकिटात मांजराला आवश्यक ते घटक घातलेले असतात. नुसत्या दूधभातावर ठेवलेल्या मांजरापेक्षा असे दाणे खाणारे मांजर निश्चित सुस्थितीत असते. टॉरिन नावाचा घटक मांजराचे शरीर स्वतः पुरेसा तयार करू शकत नाही. तो मांसमच्छीतूनच यावा लागतो. त्याच्या अभावी दृष्टी जाते व हृदय दुबळे होते. हृदयाशी असलेला हा संबंध कॅलिफोर्नियातील डॉ. पॉल पायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवून दिला. त्या वेळी बाजारातील तयार खाद्यांतही हा घटक कमी पडत असे. पुढे तो वाढविण्यात आला. कुत्र्याचे खाद्य मांजराला चालत नाही याचे एक कारण हेच. पुरुमेंतातील खारवलेली मासळी हाही पर्याय नव्हे, कारण तीत मीठ पुष्कळ असते. बिनमिठाचे थोडे सुकट वासापुरते भुरभुरावयास हरकत नाही.

बंदीची तारीख आधीच ठाऊक असते, त्यामुळे बदलाची सुरुवात मेच्या अखेरच्या आठवड्यात, ताजी मासळी हाताशी असतानाच करावी. पहिले दोनतीन दिवस तीन वाटे नेहमीचा मासळीभात आणि एक वाटा दाणे. ते पचले, शौच नीट झाले की निम्मे-निम्मे. पुढे एक वाटा मासळी, तीन वाटे दाणे. असे सातपासून दहा दिवस लागतात. म्हाताऱ्या मांजराला किंवा लहानपणापासून दाणा न पाहिलेल्या मांजराला तीन आठवडेही लागतील. एखाद्या पायरीवर त्याने तोंड फिरवले तर एक पायरी मागे यावे. दाणे कोमट पाण्यात, अथवा मीठ, कांदा, लसूण व मिरची न घालता मासळी उकडलेल्या पाण्यात भिजवून दिल्यास दोन कामे होतात : वास सुटतो आणि पाणीही पोटात जाते. कांदा व लसूण यांनी मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी नाश पावतात, म्हणून माणसांसाठी केलेल्या हुमणाचा रस त्याला घालू नये.

भिजवलेले दाणे तासा-दोन तासांत उचलून टाकावेत. पावसाळी हवेत कोरडे दाणेही पाकीट उघडे राहिल्यास सादळतात, त्यांना बुरशी येते. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा बरा. मुंग्यांसाठी ताटली पाण्याच्या परळात ठेवण्याची जुनी युक्ती येथेही उपयोगी पडते. पिण्याचे पाणी मात्र खाण्याच्या ताटलीपासून दूर, पसरट भांड्यात आणि घरात दोनतीन ठिकाणी ठेवावे. आठवड्यातून एकदा वजन करावे. मांजराला घेऊन काट्यावर उभे राहावे, मग एकट्याने, आणि वजाबाकी करावी. साध्या काट्यावर हे वजन अदमासेच मिळते, पण सतत होणारी घट लक्षात येण्यास तेवढे पुरते.

ऑगस्टमध्ये नौका पुन्हा समुद्रात जातात आणि तारल्या-बांगडे बाजारात दिसू लागतात. त्या आनंदात पहिल्याच दिवशी ताटली भरून मासळी दिली तर मांजराला हगवण लागण्याचा संभव असतो. परतीची वाटही त्याच सात-दहा दिवसांची आहे. मासळी उकडूनच द्यावी, कारण काही कच्च्या माशांतील एक द्रव्य ब-१ जीवनसत्त्व नष्ट करते व शिजवल्याने ते निष्प्रभ होते. काटे काढावेत. आणि पाण्याची भांडी, मासळी आली म्हणून, उचलू नयेत.