हप्त्यासाठी ‘एग’ द्यायचं का?



मागच्या बैठकीनंतर एका ताईने मला बाजूला घेऊन विचारलं, “मॅडम, शहरातली एक बाई म्हणते, एग दे, पैसे मिळतील. हप्ता भागेल. देऊ का?” तिला विचारूनच हे सगळ्यांपुढे बोलतेय.

एग म्हणजे स्त्रीबीज. मूल होत नसलेल्या जोडप्याला ते देण्यात वाईट काही नाही. पण त्यासाठी साधारण दहा-बारा दिवस इंजेक्शनं घ्यावी लागतात, मग भूल देऊन सुईने बीजं काढतात. नंतर काहींचं पोट फुगतं, दुखतं, दम लागतो. तसं झालं तर लगेच दवाखाना गाठायचा.

२०२१ चा कायदा काय सांगतो? वय २३ ते ३५. आयुष्यात एकदाच. जास्तीत जास्त ७ बीजं. तुमची लेखी संमती हवी. १२ महिन्यांचा विमा त्या जोडप्याने काढून द्यायचा. बीजांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे.

“दुसरीचं आधार लावू, परत एकदा दे” असं कोणी म्हणालं, तर तिथून सरळ उठून या.

आणि हप्ता थकत असेल तर आधी गटात सांगा. मुदतीचं आपण मिळून बघू. गट त्यासाठीच आहे ना?